धाबळीतली पिवळी रेघ

पावसाळ्यात आमच्या मुळशीकडे सुती सोवळे वाळत नाही. सकाळी दोरीवर टाकलेला पंचा दुसऱ्या दिवशी तितकाच ओला असतो, फक्त त्याला वास निराळा येतो. म्हणून धरणाकाठच्या आमच्या घरात पूजेसाठी धाबळी असे. धाबळी म्हणजे सोवळ्यात वापरायचे लोकरीचे वस्त्र. लोकरीला विटाळ नाही, ती रोज धुवावी लागत नाही, असे शास्त्र सांगते. आणि ते शास्त्र नसते तर आमच्या हवेत देवाची पूजा वर्षातले चार महिने खोळंबली असती.

माझे वडील लक्ष्मीनारायणाच्या देवळाचे पुजारी. जुने गाव धरणाच्या पाण्याखाली गेले, तेव्हा मूर्ती वर टेकडीवर आणून त्यांनी तिथे पुन्हा पूजा सुरू केली. त्यांच्या अंगावरची धाबळी मला आठवते तेव्हापासून काळपट होती. कोणी विचारले तर ते एवढेच म्हणत, "एका भाविकाने दिली." त्यांच्या पश्चात पूजा माझ्याकडे आली तोवर तिला भोके पडली होती. आईने तिची चौघडी घालून कडेने टाके मारले आणि मी तिचे आसन केले. शाळेत संस्कृत शिकवायला जाण्यापूर्वी रोज तासभर मी तिच्यावर बसत असे. तूप, धूप, गंध आणि पावसाळी ओल यांनी तिचा रंग कधीच गिळून टाकला होता. एका कडेला तेवढी बारीक पिवळट रेघ दिसे. ती हळदीची आहे असे मी धरून चाललो होतो.

आता मागे वळून पाहताना ती सारी वर्षे मला धुक्यातून पाहिल्यासारखी दिसतात. देवळाच्या ओट्यावरून खाली पाहिले की पाणी कुठे संपते आणि ढग कुठे सुरू होतो हे कळत नसे. पुष्कळदा मला वाटे, पाण्याखाली अजून ते जुने गाव तसेच आहे, तिथल्या देवळात कोणी माझ्यासारखाच बसला आहे, आणि आम्हा दोघांचे मंत्र एकाच वेळी चालले आहेत.

एकोणीसशे सत्तरचे दशक सरत आले होते. श्रावणातल्या एका दुपारी सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई देवळाच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. ह्या खोऱ्यातली निम्मी मुले त्यांच्या हातांवर जन्मली होती, माझी दोन्हीही. पांढरे पातळ, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि पाण्यावर शेवाळ धरावे तशा रंगाचे डोळे. ते डोळे त्यांच्या वडिलांचे. वडील स्कॉटलंडातून आलेले, धरणाच्या दगडी बांधकामावर देखरेख करणारे साहेब. आई इथल्याच एका शेतकऱ्याची मुलगी. पुण्याला जाऊन दोघांनी नोंदणीने लग्न केले आणि त्या दिवसापासून आईचे माहेर तुटले. साहेब तापाने गेले तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. त्यांना मजुरांच्या वस्तीजवळ पुरले, पुढे पाणी चढत गेले आणि ती जागाही पाण्याखाली गेली. मुलगी दहाची असताना आईही गेली. मग पुण्यातले वसतिगृह, नर्सिंगचे शिक्षण, आणि मागून घेतलेली बदली थेट आमच्या गावी.

त्या कधी देवळाचा उंबरठा ओलांडून आत आल्या नाहीत. त्यांना कोणी अडवले नव्हते. आत या, असेही कोणी म्हटले नव्हते, मीही नाही.

त्या दिवशी त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक पाकीट काढून पायरीवर ठेवले.

"गुरुजी, हे वाचून द्या. औषधांची नावं वाचता येतात मला. ही असली लांबलचक वाक्यं न्हाई."

माझे इंग्रजी शाळेपुरते होते. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते पत्र सावकाश उलगडले. लिहिणारी त्यांच्या वडिलांची पुतणी होती, वयाने सत्तरीच्या घरातली. आजीच्या ट्रंकेत तिला साहेबांचे एक जुने पत्र मिळाले होते. त्यात धरणाचा पत्ता होता आणि मुलगी झाल्याची बातमी होती. त्या पत्त्यावर तिने लिहिले, आणि टपालखात्याने ते पत्र अचूक राखी-हिरव्या डोळ्यांच्या बाईंकडे पोचवले.

तिचे म्हणणे असे होते. त्यांच्या देशात कुळाकुळाचे चौकटीचे लोकरी कापड असते. त्याला टार्टन म्हणतात. कोणत्या रंगाच्या किती रेघा आणि कोणत्या क्रमाने, हे ठरलेले असते. पण त्यांचे आडनाव एकाहून अधिक कुळांत सापडते, आणि घरात आता कोणी ते कापड वापरत नाही, त्यामुळे आपले कोणते हे सांगणारे कोणी उरले नाही. आजीला ते ठाऊक होते. साहेब परदेशी निघाले तेव्हा तिने त्यांच्या खांद्यावर घरचे कापड घातले होते. ते कापड हिंदुस्थानात गेले आणि त्याच्याबरोबर ती माहितीही. 'तुझ्या आईने तुला कधी काही सांगितले होते का? विणकर हिवाळ्याच्या आत माग लावणार आहे. तू सांगशील ते मी विणून घेईन आणि तुला धाडीन. माझ्यामागे हे विचारणारे कोणी नाही.'

पत्राला तीन तुकडे टाचलेले होते. एक लाल. एक गडद निळ्या-हिरव्या-काळ्या चौकटींचा, त्यातून जाणारी बारीक पिवळी रेघ. तिसरा त्याच गडद रंगांचा, पण रेघेवाचून. हा कोणालाही वापरता येतो, कूळ ठाऊक नसले तरी, असे तिने खाली लिहिले होते.

"आईंनी काही सांगितले होते?" मी विचारले.

"आई त्यातलं कधी बोललीच न्हाई. मला एवढंच आठवतंय, गालाखाली काहीतरी टोचायचं. लोकरीसारखं. त्याला चौकटी होत्या, त्यावरनं बोट फिरवत झोपायची मी. रंग आठवत न्हाई." त्या हसल्या. "बापाबरोबरच पुरलं असंल. तुमी सांगा, गुरुजी. गावाची कुळं-गोत्रं तुमीच सांगता की."

मी तीन दिवसांची मुदत मागून घेतली. ते तुकडे माझ्याजवळ होते. जपाचे आसन मांडून बसलो की ते समोर ठेवी आणि त्यांचे धागे मोजी. कशासाठी ते मलाही सांगता आले नसते. मोजता मोजता लक्षात आले की त्या रेघा एका क्रमाने मधल्या रेघेपर्यंत जातात आणि तिथून उलट्या पावली परत येतात. आणि जो क्रम उभ्या धाग्यांचा तोच आडव्यांचा. लहानपणी वडिलांनी मला वेदाचा जटापाठ शिकवला होता. पहिले पद, दुसरे पद. मग दुसरे, पहिले. मग पुन्हा पहिले, दुसरे. एकही अक्षर गळू नये म्हणून पूर्वजांनी घातलेली ती वीण. समुद्रापलीकडे कोणा विणकराने लोकरीत तेच केले होते. मला फार आनंद झाला. खाली पाणी स्वस्थ होते, पलीकडच्या चढावर भाताची खाचरे एकाला एक लागून उतरत होती, आणि त्यांच्या बांधांतून मला तीच वीण दिसू लागली.

असे मी तीन दिवस एका आसनावर बसून विचार केला, आणि मग शास्त्राला धरून निर्णय दिला.

"बाई, ही गडद, रेघ नसलेली घ्या. हिला कोणाचा आक्षेप येणार नाही."

त्यांनी तो तुकडा उलटसुलट करून पाहिला. "ही कुणाची म्हणालात?"

"सर्वांची. ज्याचे कूळ निश्चित ठाऊक नाही त्याची. आमच्यातही ज्याला आपले गोत्र सांगता येत नाही त्याने काश्यप सांगावे, असा नियम आहे. त्यात उणेपणा काही नाही."

"म्हंजे बेवारशाची."

"तसे नव्हे, बाई."

"व्हय, पण काश्यपाला कुणी पत्र धाडून विचारलं नव्हतं, तुझा बाप कुणाचा म्हणून. मला विचारलंय, गुरुजी. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा. आणि मी काय सांगायचं, तर ठाऊक न्हाई." मग आवाज सावरून त्या म्हणाल्या, "असू द्या. तुमी म्हणताय तर तसंच लिवा."

मी तसे लिहून दिले. त्यांनी पत्र आणि तुकडे पिशवीत ठेवले, पायरीला हात लावून तो कपाळाला टेकवला, आणि पाऊस नसतानाही छत्री उघडून त्या उतरून गेल्या. माझा निर्णय शास्त्रशुद्ध होता. तरी त्या रात्रीपासून जपात माझा क्रम चुकू लागला.

आश्विन लागला आणि ऊन पडले. आमच्याकडे हे पहिले कडक ऊन म्हणजे घराघराची झाडाझडती. पावसाने आंबलेल्या वाकळा, चटया, पोथ्यांची फडकी, सारे काही बाहेर येते आणि कुंपणाच्या गडग्यावर पसरते. मी आसन उचलले तर कडेचे टाके कुजून सुटलेले. चौघडी आपोआप उलगडली आणि तिची आतली बाजू उन्हात आली.

आत रंग होता. ही वडिलांच्या अंगाकडे असायची ती बाजू, आणि आईने चौघडी घातल्यापासून तिला धूर लागला नव्हता की ऊन. रंग मंद झाला होता, पण होता. खोल पाण्याचा निळा, पाण्यावर झाडांची सावली पडते तो हिरवा, त्यांच्यामध्ये काळा. आणि हिरव्याच्या मधून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सरळ जाणारी पिवळी रेघ. मग दुसरी. मग तिला आडवी छेदणारी तिसरी.

मी गडग्यापाशी खाली बसलो. त्या तुकड्यांचे धागे मला अजून पाठ होते. बोट ठेवून मी मोजू लागलो, निळे, काळे, हिरवे, पिवळे, आणि परत हिरवे, काळे, निळे. मोजताना मी ते मनाशी म्हणत होतो, आणि म्हणता म्हणता वडिलांचा आवाज माझ्या आवाजाच्या खाली चालू झाल्यासारखे वाटले. एकदा कापडाची वीण संपून पलीकडे खाचरांची वीण सुरू झाली, इतका मी भान विसरलो. कितीदा मोजले आठवत नाही. दर वेळी ते जुळले.

आई ओसरीवर वाल सोलत बसली होती. तेव्हा ती ऐंशीच्या पुढची असेल. मी कापड तिच्यापुढे धरले.

"आई, ही धाबळी कुठून आली?"

"आता विचारतोस? केस पांढरे झाले की रे तुझे."

"सांग ना."

"त्या साहेबाच्या बायकोनं दिली. तो गेला त्याच महिन्यात. पोर कडेवर होती. पायरीवर ठेवली, म्हणाली, देवाला वाहिली. नमस्कार केला आणि गेली." वालाची डाळिंबी तिने पाण्यात टाकली. "ह्यांनी बराच वेळ उचलली नाही. मग म्हणाले, लोकर आहे, लोकरीला विटाळ नाही. आणि उचलली."

"मग सांगितले का नाही कोणाला?"

"कुणाला सांगणार? गाव नुकतं बुडलेलं. लोक म्हणाले असते, ज्यांनी आमची शेतं बुडवली त्यांचं कापड देवाला चालतं होय? ह्यांनी मला बजावलं, एका भाविकाने दिली म्हण. खोटं नव्हतंच ते."

"आणि ती कडेवरची पोर म्हणजे..."

"तुझी दोन्ही बाळं जिनं न्हाऊ घातली तीच. मला काय ठाऊक नव्हतं?" सोलता सोलता तिचे हात थांबले. "दर वेळी वाटायचं, सांगावं. पण शब्द ह्यांचा होता. हे गेल्यावर तर तो मोडताच येईना. तूच विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू विचारलं नाहीस."

मी विचारले नव्हते, हे खरे. तीन दिवस मी त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर आसन म्हणून अंथरून, त्याच्यावर बसून, ते उत्तर कोणालाच ठाऊक नाही असा निर्णय दिला होता.

सोवळ्यातली वस्तू घेऊन रस्त्याने कधी चाललो नव्हतो. त्या दिवशी ती धाबळी दोन्ही हातांवर घेऊन मी दवाखान्यापर्यंत गेलो. वाटेत लोक वाकून नमस्कार करत होते, मला की तिला कोण जाणे. नर्सबाई एकट्याच होत्या. मोठ्या पातेल्यात इंजेक्शनच्या काचेच्या पिचकाऱ्या उकळत होत्या. मी धाबळी टेबलावर ठेवली आणि उलगडून आतली बाजू वर केली.

त्या पाहतच राहिल्या. मी आईकडून ऐकलेले सारे सांगितले, वडिलांचे लपवणेही सांगितले. सांगून संपल्यावर त्या मोरीकडे गेल्या, साबण घेतला आणि कोपरापर्यंत हात धुतले. बोटांच्या बेचक्या, नखे, मनगटे. नव्या जिवाला हात लावण्यापूर्वी त्या असेच हात धूत असणार. इतकी वर्षे मी सोवळे पाळले, पण इतक्या काळजीने स्वच्छ झालेला हात मी त्यापूर्वी पाहिला नव्हता.

"गुरुजी, शिवू?"

"बाई, तुमचीच आहे."

त्यांनी चौकटीवरून एक बोट फिरवले, कडेने, कोपऱ्याशी वळवून, परत. मग खाली वाकून गाल टेकवला. पातेल्यातल्या पिचकाऱ्या किणकिणत होत्या.

"तुपाचा वास येतोय नुसता," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "बापाचा काय उरला न्हाई. पण टोचतीय तशीच."

मग त्यांनी पिशवीतून ते तीन तुकडे काढले. पिवळ्या रेघेचा तुकडा त्यांनी धाबळीवर ठेवून सरकवत नेला, आणि एका जागी रेघेवर रेघ बसली.

"ती रेघ मी रोज पाहत होतो," मी म्हणालो. "मला वाटले हळद सांडली आहे."

"पन्नास वर्षं?"

"वडिलांना धरून, हो."

"गुरुजी, हळद एवढी सरळ सांडती व्हय?" आणि त्या खळखळून हसल्या. त्यांना असे हसताना मी कधी पाहिले नव्हते. मलाही हसू आले, आणि त्याबरोबर मान खाली गेली.

माझे जुने पत्र त्यांनी टपालात टाकलेच नव्हते. "रोज नेत होते पेटीपर्यंत. हात होत न्हवता," त्या म्हणाल्या. ते फाडले. तिथेच बसून मी नवे लिहिले, आणि पडताळा म्हणून धाबळीच्या कडेचे बोटभर धागे पाकिटात घातले. सही करताना त्यांनी खाली स्वतःच्या हाताने इंग्रजीत दोन-तीन शब्द लिहिले. मी ते वाचले नाहीत.

"आणि तुमी आता बसायचं कशावर?"

"दर्भाचे आसन आहे घरी."

"टोचंल."

"टोचू दे."

थंडी सरताना पार्सल आले. ते घेऊन त्या देवळाशी आल्या तेव्हा मी आरती आटोपत होतो. त्या नेहमीच्या पायरीवर उभ्या होत्या, खांद्यावर नव्या टार्टनची शाल, निळी-हिरवी, पिवळी रेघ उन्हात लखलखीत. हातावर त्याच कापडाची दुसरी घडी.

"दोन धाडा म्हणून लिवलं होतं मी," त्या म्हणाल्या. "जुनी माझ्याकडं राहू द्या. ही देवाला. आईनं दिली तशी." घडी पायरीवर ठेवण्यासाठी त्या वाकल्या आणि वाकता वाकता थांबल्या. "पण गुरुजी, ह्या वेळेला कुणी दिली ते सांगायचं."

"तिथे ठेवू नका," मी म्हणालो. "आत या. तुमच्या हाताने देवापुढे ठेवा."

त्यांनी चपला काढल्या. मग इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, "हात धुवायला पाणी कुटं हाय?"

मी तांब्या घेऊन आलो आणि त्यांच्या हातांवर पाणी घातले.

ती नवी धाबळी अजून माझ्या आसनाला आहे. तूप-धुपाने तिचाही रंग आता उतरू लागला आहे. देवळात येणारे नवे लोक कधी विचारतात, ही एवढी वेगळी चौकडी कुठली? मी माळ खाली ठेवतो आणि पहिल्यापासून सांगतो. साहेबांच्या आईने असलेच कापड त्यांच्या खांद्यावर घातले होते, इथून सुरुवात करतो.